हिपॅटायटिस बी आणि दारू : "जराशी चालेल का?"

देवगडच्या बाजूच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचा भाऊ ३४ वर्षांचा, ट्रॉलरवर खलाशी. गावातल्या शिबिरात त्यानं रक्तदान केलं आणि आठवड्यानं रक्तपेढीतून बोलावणं आलं : हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह. एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढतं ते) ६८, सोनोग्राफीत यकृतावर चरबी. एका डॉक्टरांनी "कॅरियर (नुसता विषाणू अंगात बाळगणारा) आहे, काही होत नाही, विसरून जा" असं सांगून परत पाठवलं. भाऊ रोज साधारण एक क्वार्टर घेतो, मासेमारी बंद असते तेव्हा आणि शिमग्याला जास्त. आता तो म्हणतो, व्हिस्की सोडतो, पण बिअर नाहीतर माडी चालेल ना? आईनं काविळीचं गावठी औषध आणून ठेवलं आहे. ताईंचे प्रश्न तीन : किती घेतलेली चालेल, एकदम बंद केली तर काही होईल का, आणि ते औषध द्यावं का.

ताई, मी सत्तावीस वर्षं याच किनाऱ्यावर फिजिशियन म्हणून काम करतो. तुमचा पहिला प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतो. "डॉक्टरानू, जराशी घेतली तर काय होता?" विचारणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याला खरंच एखादा आकडा हवा असतो. निरोगी माणसाला मी कदाचित आकडा सांगत बसलो असतो. यकृतात हिपॅटायटिसचा बी किंवा सी विषाणू असलेल्या माणसासाठी मात्र सुरक्षित ठरेल असा आकडाच नाही. व्हिस्की नाही, बिअर नाही, माडी नाही. असं का, ते नीट समजावून सांगतो, कारण नुसतं "बंद करा" म्हणून कोणी बंद करत नाही, हे मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

आधी हिशेब. ३० मिलीच्या एका पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. क्वार्टर म्हणजे १८० मिली, म्हणजे ६० ग्रॅम. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची मोठी बाटली घेतली तर ४० ग्रॅमच्या वर, म्हणजे चार पेग झाले. पहाटे उतरवलेली माडी गोड असते, पण ती आंबत जाते आणि संध्याकाळपर्यंत चांगली चढण्याइतकी होते. पाच टक्के धरली तर एक लिटर माडीत ४० ग्रॅम येतात. काजूच्या हंगामात सावंतवाडी-दोडामार्गकडचे पेशंट मला सांगतात की उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, शुद्ध असतो, झाडाचा असतो, त्यानं काही होत नाही. यकृताला काजू, ऊस, माड यातलं काही कळत नाही. त्याच्यापर्यंत पोचतं ते इथेनॉल, आणि ते सगळ्यात एकच. भाऊ व्हिस्कीवरून बिअरवर आला तर बाटली बदलेल, ग्रॅम फारसे कमी होणार नाहीत.

१९९७ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी हिपॅटायटिस सीच्या २२३५ रुग्णांचं यकृत किती वेगानं कडक होत जातं ते तपासलं होतं. रोज ५० ग्रॅम किंवा त्याहून जास्त अल्कोहोल घेणाऱ्यांमध्ये हा वेग स्पष्टपणे जास्त होता. तुमच्या भावाची क्वार्टर त्या रेषेच्या पलीकडे आहे. तो अभ्यास सीचा होता आणि भावाला बी आहे, हे खरं. पण बीमध्येही पिणाऱ्यांना सिरॉसिस (यकृत कडक होऊन त्याच्या गाठी होणं) आणि यकृताचा कॅन्सर जास्त होतो आणि लवकर होतो, यात आता शंका उरलेली नाही. ५० ग्रॅमच्या खाली राहिलं की सुटका, असा अर्थ मात्र काढू नका. ती रेषा त्या अभ्यासात मोजमापासाठी आखलेली होती, तिच्या अलीकडे सगळं ठीक असतं असं नाही.

आता आत काय होतं ते बघू. बी विषाणू यकृताच्या पेशी स्वतः फारशा मारत नाही. तो पेशीत घर करून राहतो, आणि त्याला हुसकायला निघालेली आपली प्रतिकारशक्ती त्या पेशींवर हल्ला करते. पेशी मरतात, नव्या येतात, पुन्हा मरतात. दारू या चालू असलेल्या भांडणात तीन ठिकाणी भर घालते. एक, दारूचं यकृतात अॅसिटाल्डिहाइड होतं आणि ते स्वतःच पेशीला विषारी असतं. दोन, दारूनं आतड्याचं अस्तर सैल पडतं, तिथल्या जिवाणूंचा विषारी अंश रक्तातून थेट यकृतात येतो आणि सूज वाढते. तीन, विषाणूला आवरणारी जी शिस्तबद्ध प्रतिकारशक्ती हवी, तीच दारूनं ढिली पडते. म्हणजे नासधूस वाढते आणि बंदोबस्त कमी होतो. वर्षानुवर्षं सूज राहिली की यकृत स्वतःला सांधण्यासाठी चिवट धागे विणत जातं. त्याला आम्ही फायब्रोसिस म्हणतो. ते धागे पूर्ण यकृतभर पसरून त्याच्या गाठी झाल्या की सिरॉसिस. विषाणू एकटा असता तर कदाचित साठीत आला असता असा सिरॉसिस मी विषाणू आणि दारू एकत्र असलेल्या चाळिशीतल्या माणसांत पाहतो. आणि हे सगळं न दुखता होतं. पोट फुगेपर्यंत किंवा रक्ताची उलटी होईपर्यंत माणूस जाळी ओढत असतो.

म्हणूनच "कॅरियर आहे, विसरून जा" हे ऐकून मला वाईट वाटलं. हा शब्द आता मागे पडायला हवा. बी विषाणूचा संसर्ग सहा महिन्यांहून जास्त टिकला की तो दीर्घकालीन संसर्ग, आणि त्याचा पाठपुरावा आयुष्यभर करायचा असतो. सगळ्यांना लगेच गोळी लागत नाही, ही गोष्ट खरी. गोळी लागते की नाही हे एचबीव्ही डीएनए (रक्तात बी विषाणू किती आहे ते मोजणारी तपासणी), एसजीपीटी आणि यकृत किती कडक झालंय यावर ठरतं. एसजीपीटी ६८ हे विषाणूमुळे आहे, दारूमुळे आहे की दोन्हींमुळे, हे आज कोणीच सांगू शकणार नाही. एक सांगतो : एसजीओटी हा एसजीपीटीच्या जोडीचाच दुसरा आकडा, तो एसजीपीटीच्या दुप्पट किंवा जास्त असेल तर दारूकडे बोट जास्त जातं. तुमच्या कागदावर एसजीओटी आहे का बघा. प्लेटलेट किती आहेत तेही बघा. सिरॉसिसमध्ये प्लेटलेट हळूहळू उतरतात, आणि कित्येकदा तीच पहिली खूण असते. फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) करायचा असेल तर दारू काही आठवडे बंद ठेवून करावा, कारण नुकतीच प्यालेली असेल तर सुजेमुळे आकडा खोटा वर जातो. डीएनए तपासणीसाठी मात्र थांबू नका.

या तपासण्या आणि औषधं सरकारी व्यवस्थेत मोफत मिळतात. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यातून. रत्नागिरी किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करा. बीसाठी टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिरची रोज एक गोळी असते. ती विषाणूला दाबून ठेवते, मुळासकट काढत नाही, त्यामुळे मनानं थांबवायची नसते. अचानक थांबवली तर विषाणू उसळून यकृत बंद पडल्याची उदाहरणं आहेत. दहा-बारा दिवसांच्या फेरीला निघताना भावानं गोळ्यांची पट्टी कपड्यांच्या पिशवीत नको, रोज हात लागेल अशा ठिकाणी ठेवावी, आणि तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, सांगून ठेवावं.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण तिच्यामुळे पुष्कळ लोक उपचारापासून लांब राहतात. "आधी दारू सोड, मग औषध देतो" असं कोणी म्हणालं तर ते मानू नका. पीत असला तरी विषाणूचा उपचार द्यायचा असतो. सीमध्ये तर ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले पंचाण्णवहून जास्त लोक पूर्ण बरे होतात, आणि दारू पितो एवढ्या कारणावरून ते औषध नाकारणं चूक आहे. दारू सोडवणं आणि विषाणूचा उपचार ही दोन कामं एकाच वेळी चालू ठेवायची. भाऊ प्यायलेला असला तरी त्याला घेऊन या, लाज वाटून तारीख चुकवू नका.

बरं होण्याचा उलटा अर्थही काही जण काढतात. माझ्याकडे सीचा एक पेशंट होता. बारा आठवड्यांत विषाणू गेला, रिपोर्ट घेऊन तो अगदी आनंदात घरी गेला आणि त्याच संध्याकाळपासून पुन्हा प्यायला लागला. त्याला वाटलं, आता मोकळीक. पण उपचाराच्या आधीच त्याचं यकृत सिरॉसिसला पोचलं होतं, आणि ते मी त्याला पुरेसं समजावून सांगितलं नव्हतं. दीड वर्षानं त्याला रात्री रक्ताची उलटी झाली. तेव्हापासून विषाणू गेल्याचा रिपोर्ट हातात देताना मी बायकोला नाहीतर मुलाला समोर बसवतो आणि सांगतो की विषाणू गेलाय, यकृताचे व्रण आहेत तिथेच आहेत. सिरॉसिस असेल तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते, कारण कॅन्सरचा धोका राहतो. बीमध्ये तर सिरॉसिस नसतानाही तो होऊ शकतो.

उलट बाजूचाही एक माणूस सांगतो. पोटात पाणी झालेला एक तांडेल, बी आणि पंचवीस वर्षांची दारू. घरच्यांनी आशा सोडली होती. त्यानं दारू सोडली, गोळी रोज घेतली. आठ-नऊ महिन्यांत पोटातलं पाणी ओसरलं, वर्षानं तो बंदरावर जाळी विणायला बसायला लागला. सगळ्यांचं असं होत नाही. पण दारू थांबवल्याचा फायदा कुठल्याही टप्प्यावर मिळतो, आणि तुमचा भाऊ तर त्या टप्प्यापासून बराच अलीकडे आहे. चरबी आलेलं यकृत काही आठवड्यांत सुधारायला लागतं.

आता दुसरा प्रश्न. एकदम बंद केली तर होतं काही तरी, आणि ते जिवावरही बेतू शकतं. रोज पिणाऱ्या माणसाची दारू अचानक तुटली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप जाते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होतात, भलतंच दिसायला लागतं, माणूस बेभान होतो. किनाऱ्यावरच्या आपल्या लोकांना हे माहीत असायलाच हवं, कारण बाटली संपल्यावर बोटीवर खोल समुद्रात फिट आली तर माणूस पाण्यात जातो. म्हणून भावाला "ही फेरी कोरडी काढ" असं सांगून समुद्रात पाठवू नका. सकाळी उठल्यावर त्याचे हात थरथरतात का, आधी कधी फिट आली आहे का, हे विचारा. उत्तर हो असेल तर दारू दवाखान्यातच सोडवायची. तिथे थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्व, सुरू करतात आणि थरथर आवरायला गोळ्या देतात. यकृत बिघडलेलं असेल तर त्या गोळ्या वेगळ्या निवडाव्या लागतात, तेव्हा मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणून घरी देऊ नका.

आणि ताई, चहातून नकळत द्यायचं "दारू सोडवायचं औषध" तर मुळीच देऊ नका. त्यातल्या काहींमध्ये डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना माणूस प्यायला की रक्तदाब कोसळू शकतो, आणि ते औषध यकृतालाही इजा करू शकतं. बायका हतबल होऊन ते देतात, मी त्यांना दोष देत नाही. पण ज्या यकृताला आपण वाचवायला निघालोय त्यावरच तो घाव होतो. यकृताच्या रुग्णांत ओढ कमी करायला बॅक्लोफेनसारखं औषध वापरता येतं, पण ते तपासून, त्याला सांगून.

वेळ कधीची धरायची? आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते. हे एकसष्ट दिवस म्हणजे पिण्याचा सगळ्यात वाईट काळ, हातात काम नाही आणि मागच्या हंगामाचे पैसे खिशात. पण माणूस सलग दोन महिने जमिनीवर असतो तोही एवढाच काळ. होड्या वर काढून डागडुजी करतात ते हेच दिवस. मी खलाशांना जूनच्या पहिल्या आठवड्यातच बोलावतो. पहिले दहा दिवस दारू सोडवायला, मग उरलेल्या तपासण्या, आणि बोट पाण्यात जाईपर्यंत औषध अंगवळणी पडलेलं. यात कधी कधी गटारी मध्ये येते, ती आधीच धरून ठेवा. त्या दिवशी भावाला मुंबईच्या बहिणीकडे पाठवा, कुठेही पाठवा. मनातलं कुणाशी बोलायचं असेल तर १४४१६ ही टेलि-मानसची सरकारी हेल्पलाइन आहे, आणि व्यसनासाठी १४४४६.

मानाचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणार. आपल्याकडे गाव राखणाऱ्या देवाला, म्हणजे राखणदाराला, देवचाराला दारूचा मान असतो आणि गाऱ्हाणं (देवापुढची विनवणी) झालं की ती वाटली जाते. नाही म्हणणं म्हणजे देवाचा अपमान, असं पेशंटला वाटतं. माझ्या एका पेशंटनं आधीच मानकऱ्यांच्या कानावर घातलं, तेव्हा त्यांनीच सांगितलं की मान देवाचा, तू नुसता हात जोड. विचारून ठेवा. बहुतेक गावांत हे समजून घेणारी माणसं असतात.

तिसरा प्रश्न गावठी औषधाचा. आईची माया मला कळते. पण भावाला कावीळ झालेलीच नाही, त्याचे डोळे पिवळे नाहीत. काविळीवर अंगावर घालतात ती झाडाच्या देठांची माळ लांब होत जाते म्हणून कावीळ उतरली असं वाटतं. ती लांब होते कारण देठ वाळून गाठी सैल होतात. पावसाळ्यातली कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए किंवा ईची, दूषित पाण्यातून येणारी, आणि ती निरोगी माणसात आपोआप बरी होते, म्हणून श्रेय माळेला जातं. बी तसा जात नाही. भुईआवळीबद्दल विचाराल तर १९८८ साली मद्रासच्या एका अभ्यासात तिनं बी विषाणू जातो असं दिसलं होतं आणि जगभर आशा निर्माण झाली होती, पण पुढच्या अभ्यासांत तो परिणाम टिकला नाही. त्या बाटलीत नेमकं काय आहे हे माहीत नसताना सुजलेल्या यकृतावर ते ओतू नका. आणि ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉलही मोजून : रोज पिणाऱ्यानं दिवसात दोन ग्रॅमच्या, म्हणजे ५०० च्या चार गोळ्यांच्या वर जाऊ नये.

खाण्यात तेल-तिखट बंद करून त्याला पेजेवर ठेवायची गरज नाही. ताजी मासळी, डाळ, अंडी पोटभर द्या. पोटात पाणी झालं तरच मीठ आवरावं लागतं, आणि तेव्हा सुकट, खारा बांगडा, लोणचं आधी जातं. एका गोष्टीबाबत मात्र आतापासूनच सावध राहा : कालवं, मुळे, तिसऱ्या अशी शिंपल्यांतली मासळी कच्ची किंवा अर्धवट उकडलेली खाऊ नये. ए आणि ई त्यातून येतात, आणि बी असलेल्याला त्यातलं काही झालं तर यकृत एकदम कोलमडू शकतं. एची लस मिळते, ती घ्यावी. शिवाय उष्ण समुद्राच्या पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जिवाणू असतो. तो यकृत खराब असलेल्या माणसात जखमेतून शिरला तर एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकतो. शिंगाळा माशाचा काटा लागून हात सुजला, ताप आला, तर त्या दिवशीच दवाखाना गाठायचा.

आता तुमच्याबद्दल. भावाला हा संसर्ग कुठून आला असेल? मोठेपणी लागण झालेल्या शंभरातल्या पाचांहून कमी लोकांत बी कायमचा राहतो. जन्मताना लागण झालेल्या बाळांत मात्र जवळपास नव्वदांत राहतो. ३४ वर्षांपूर्वी आपल्याकडे बाळांना ही लस दिली जात नव्हती, सगळ्या देशाच्या नियमित लसीकरणात ती २०११ पर्यंत आली. म्हणजे भावाला तो बहुधा लहानपणीच मिळाला असण्याची शक्यता मोठी. त्यात आईचा काही दोष नाही, तिलाही तो कुणाकडून तरी न कळत मिळालेला असेल. पण आईची, तुमची आणि बाकीच्या भावंडांची एचबीएसएजी, म्हणजे बी आहे की नाही ते सांगणारी रक्ताची, तपासणी व्हायलाच हवी. भावाच्या बायकोची आणि मुलांचीही. निगेटिव्ह येतील त्यांना लस : आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी. घरात कुणी गरोदर असेल तर आधी तिची तपासणी, म्हणजे बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत लस देता येईल. एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं हा पसरत नाही, भावाचं ताट-वाटी वेगळी काढू नका. वस्तरा आणि दात घासायचा ब्रश तेवढा वेगळा ठेवा.

येताना रक्तपेढीचा मूळ कागद, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि तो घेतो त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणा, त्या गावठी औषधाची बाटलीही. किती पितो ते भावाला स्वतः सांगू द्या, तुम्ही मध्ये दुरुस्त करू नका. पहिल्या भेटीत तो निम्मं सांगेल, मला चालतं. दुसऱ्या भेटीला तो आपणहून खरं सांगतो.